पाठीवरचा नंबर

भाऊ कुणालाही भेटले की आधी त्याची पाठ बघायचे. नमस्कार तोंडाला, पण लक्ष पाठीवर. कुरिअरवाला पार्सल देऊन जिना उतरायला लागला की भाऊ कठड्यावरून वाकून त्याच्या शर्टाकडे टक लावून बघत आणि मग मला सांगत, "ताई, कॉलरखाली चार बोटं सोडली की केवढी सपाट जागा आहे बघा. माणसावर लिहायची जागा तीच. पुढं लिहिलं की तो खाजवून काढतो."

तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला होता. बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीतही असं म्हणणारे होते आणि सुरुवातीला त्यांत मीही होते.

भाऊ आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मूळचे नांदेडकडचे. रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे घरातला पाटसुद्धा भिंतीला काटकोनात असायचा. आम्ही बिदरकडचे, शेतीवाडीवाले. आमचा तीस वर्षांचा शेजार. सगळी इमारत त्यांना भाऊच म्हणे, तेलुगू मंडळी तर 'भाऊगारू' म्हणत. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायची. वहिनी सरकारी प्रसूतिगृहात नर्स होत्या. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांचीच ड्यूटी होती. तिला या जगातलं पहिलं फडकं त्यांनी गुंडाळलं, आणि मला दटावलं होतं, "ओरडू नका, पुढच्या बाईला भीती वाटते."

त्या बाईंना विस्मरणाचा आजार झाला. चष्मा फ्रीजमध्ये सापडला तेव्हा आम्ही हसलो, कारण ते कुणाचंही होतं. मग एका सकाळी सहाला त्या पांढरी साडी नेसून खाली उतरल्या आणि बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ मागे धावले. "कुठं जायलीस?" तर म्हणाल्या, "माझी ड्यूटी आहे." निवृत्त होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. पुढे पुढे तर त्या भाऊंना वॉर्डबॉय समजू लागल्या. "अरे, सात नंबरच्या बाईला कळा येतायत, स्ट्रेचर आण," असा हुकूम यायचा आणि भाऊ म्हणायचे, "आणतो, सिस्टर." चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं त्यांना अरे म्हटलं नव्हतं. ते मला हसत सांगायचे, पण सांगताना चष्मा पुसायचे.

दाराला कडी घातली तर वहिनी दार बडवत आणि रडत. डोळा चुकवून जायच्या त्या जायच्याच. भाऊंनी त्यांच्या गळ्यात नाव-नंबराचं लॉकेट घातलं. ते त्यांनी भाजीवालीला दिलं, "तुझ्या लेकीला घाल" म्हणून. मनगटाला पट्टा बांधला, तो दातांनी तोडला. पेशंटचा पट्टा सिस्टरच्या हातात कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं.

त्या सुमारास भाऊंची मुलगी पुण्याहून आली होती. नातीच्या वाढदिवसाला घरच्या घरी टी-शर्ट करायचे म्हणून तिनं एक खास कागद आणला होता. त्यावर साध्या प्रिंटरनं चित्र छापायचं, कागद कापडावर पालथा ठेवून गरम इस्त्री दाबायची, कागद सोलून काढला की चित्र कापडावर. नातीसाठी ससा काढून झाला आणि मुलगी परत गेली. उरलेले कागद भाऊ दोन दिवस हातात घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या गाऊनवर दहा अंक उमटले.

गाऊन फुलाफुलांचा होता, त्यात ते अंक हरवून गेले. मग भाऊ दिलसुखनगरला जाऊन साधे पांढरे सुती टी-शर्ट घेऊन आले. जन्मभर साडी नेसलेली बाई परकरावर टी-शर्ट घालून गॅलरीत बसू लागली. पहिला नंबर छातीवर होता, तो वहिनींनी दोन दिवसांत नखानं खरवडून काढला. म्हणून नंबर पाठीवर गेला आणि तिथं टिकला.

काम कसं करायचे ते सांगते, कारण नंतर मीही ते केलं. शर्ट आधी धुऊन घ्यायचा, नव्या कापडाची खळ गेली पाहिजे. इस्त्रीचं मऊ टेबल चालत नाही, त्यावर दाब बसत नाही. भाऊ स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या दगडावर उशीचा अभ्रा पसरत. इस्त्रीत पाण्याचा थेंब नको. आकडे उलटे छापायचे, म्हणजे कापडावर सुलटे येतात. कागदाचे टोकदार कोपरे कात्रीनं गोल करायचे, कारण धुताना सुटायला सुरुवात कोपऱ्यापासून होते. आणि मग खांद्यातून वजन टाकून दाबायचं. "कोपरे सुटले की सगळं सुटतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. जावयाचं भांडण असो, सोसायटीची मीटिंग असो, तेच वाक्य.

नंबराच्या खाली 'फोन करा' असं तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत हवं, असं त्यांनी ठरवलं. तेलुगू त्यांना येत होतं. उर्दूसाठी ते समोरच्या टेलर चाचांकडे गेले. चाचांनी कागदावर सुंदर अक्षरात लिहून दिलं. शर्ट तयार करून भाऊ दाखवायला गेले, तर चाचांना एक अक्षर वाचता येईना. भाऊंनी नंबर उलटा छापला, तेलुगू उलटं छापलं, पण उर्दू मात्र तशीच ठेवली होती. त्यांचं म्हणणं, उर्दू तशीही उलट्या बाजूनं लिहितात, मग पुन्हा कशाला उलटायची? चाचांनी शर्ट आरशासमोर धरला आणि म्हणाले, "भाऊसाब, हमारी उर्दू सीधी है. उल्टे आप हैं." पुढे कित्येक दिवस भाऊ दिसले की चाचा दुकानातूनच विचारायचे, "क्या भाऊसाब, सीधे होगए?"

आणि तुम्हाला सांगते, त्या शर्टांनी काम केलं. एकदा वहिनी विद्यानगरच्या पुढे रेल्वे फाटकाशी पोचल्या. तासाभरात एका अंडेवाल्याचा फोन आला, "आपके अम्मा इधर बैठे सो हैं, चाय पी रैं. परेशान नक्को होओ, आके लेके जाओ." एकदा सिटी बसच्या कंडक्टर बाईनं फोन केला. एकदा कॉलेजची पोरं रिक्षात घालून घेऊन आली. चार वेळा गेल्या आणि चार वेळा परत आल्या. वीस-पंचवीस धुण्यांनंतर अंक तडकायचे, की लगेच भाऊ नवा शर्ट करत. त्यांचा मोबाइल कायम शर्टाच्या खिशात, आंघोळीला गेले तरी दाराबाहेर स्टुलावर.

मला मात्र ते दृश्य सोसायचं नाही. खरं सांगते. जिनं माझी लेक हातात घेतली त्या बाईच्या पाठीवर दहा आकडे, गुदामातल्या पोत्यासारखे. भाऊंना मी एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "ताई, पोतं हरवत नाही." पण पटलं नव्हतं.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं.

हॉल दिलसुखनगरच्या बाजूला होता. मुलीचा हट्ट होता की वहिनी आल्याच पाहिजेत आणि फोटोत तिच्या शेजारी बसल्या पाहिजेत. भाऊ आदल्या दिवशी वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "टी-शर्टावरच आणतो. वरून शाल टाकीन, दिसायचं नाही."

मी म्हटलं, "भाऊ, एवढा एक दिवस राहू द्या. मी नेसवते त्यांना साडी."

"साडी नेसवा," म्हणाले, "पण ब्लाउज मी देईन तोच घाला."

दुसऱ्या दिवशी हॉलवर त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली. वहिनींचा हिरवा शालू होता आणि फिक्कट पिवळा सुती ब्लाउज. शालूवरचा मूळचा रेशमी ब्लाउज त्यांनी आणलाच नव्हता, रेशमावर तो कागद धरत नाही. नवरीच्या खोलीत मी वहिनींना नेसवायला घेतलं. त्या छान मूडमध्ये होत्या, माझ्या केसांना हात लावून "बाळ-बाळंतीण बरी आहे ना?" विचारत होत्या. ब्लाउज घातला आणि मी मागे वळवलं. गळ्याखालच्या सगळ्या पाठीवर काळे आकडे होते, दोन ओळींत. पदर कसाही घेतला तरी वरची ओळ दिसत होती. शेजारी बिदरहून आलेली माझी नणंद उभी होती. ती म्हणाली, "हे काय गं? ढोरावर डाग देतात तसं?"

बाहेर फोटोग्राफर दार वाजवत होता. आमच्याकडची सगळी मंडळी जमली होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं तेही लपवत नाही. आधीच गावाकडच्या दोघी-तिघींनी विचारून झालं होतं की हे शेजारी कोण, कुठले, आडनाव काय, आणि तुम्ही यांना नवरीच्या खोलीपर्यंत कसं आणता. मला त्यांना दाखवायचं होतं की बघा, माझी वहिनी कशी तुमच्यापेक्षा देखणी आहे. मी तो ब्लाउज काढला, खुंटीला टांगला आणि माझ्या बॅगेतला माझा मरून रंगाचा रेशमी ब्लाउज त्यांना घातला. अंगात बरोबर बसला. आमची अंगलट सारखीच होती. भाऊंना मी सांगितलं नाही.

वहिनी फोटोला बसल्या. अक्षतांच्या वेळी माझ्या शेजारी उभ्या होत्या. पहिल्या पंगतीच्या गडबडीत मी नणंदेला म्हटलं, यांच्याकडे बघ, आणि ती म्हणते मी तसं म्हटलंच नाही. कुणाचं खरं, आता ठरवून उपयोग नाही. वहिनी मागच्या दारानं गेल्या, जिथं आचारी भांडी घासत होते. तिथला एक जण नंतर म्हणाला, "अम्मा बोले, ड्यूटी पे जारी. हम रस्ता दे दिए." त्यानं रस्ता दिला कारण त्याला संशय यावा असं काहीच नव्हतं. परकरावर टी-शर्ट घातलेली म्हातारी दिसली की लोक थांबायचे, विचारायचे, पाठ वाचायचे. शालू नेसलेल्या, कुंकू लावलेल्या बाईला कुणी थांबवत नाही. ती कुठल्या तरी लग्नाची पाहुणी असते. मेट्रोच्या खांबांखालून नीट, घाईनं, ड्यूटीला निघाल्यासारख्या त्या चालत गेल्याचं एका दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसलं. तेवढंच.

कळल्यावर भाऊ आधी शांत होते. फोन हातात धरून म्हणाले, "येईल फोन. नंबर आहे." हॉलच्या खुर्चीवर ते बसले आणि फोनकडे बघत राहिले. मला त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. वहिनींची चप्पल बघायला ते नवरीच्या खोलीत गेले होते. मी दारात पोचले तेव्हा ते खुंटीसमोर उभे होते. त्यांनी ब्लाउज काढून घेतला, बाह्या आत मुडपून नीट चौकोनी घडी केली आणि पँटच्या खिशात घातली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, पोलिसात जाऊ."

ठाण्यात आमचे हे बरोबर होते. फौजदारानं विचारलं, कपड्यांवर काही खूण? आमचे हे म्हणाले, "भाऊ, नंबर असतो ना त्यांच्या पाठीवर?" भाऊ म्हणाले, "आज नव्हता. रेशमी कापडावर तो कागद चिकटत नाही. मीच लावला नाही." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पुढे स्वतःच्या मुलीला, जावयाला, चाचांना, ज्यानं ज्यानं विचारलं त्याला त्यांनी हेच सांगितलं. आणि मी ते सांगू दिलं.

दवाखाने झाले, आश्रम झाले, स्टेशनं झाली. भिंतींवर कागद लावले, त्यांवर आठ दिवसांत कोचिंग क्लासचे कागद आले. मग भाऊंनी पुन्हा इस्त्री काढली. म्हणाले, "कागद भिंतीवर राहतो. माणूस हिंडतो." आता शर्टावर वहिनींचा चेहरा हवा होता, खाली 'हरवल्या आहेत' आणि भाऊंचा नंबर; चेहरा शेवटच्या कपड्यांतला हवा होता, म्हणजे बघणाऱ्याला ओळख पटेल. तसा फोटो एकच होता, माझ्या मुलीच्या लग्नातला. हिरवा शालू आणि माझा मरून ब्लाउज.

रोज दुपारी मी खाली जायला लागले. भाऊ छापत, मी कोपरे गोल कापत असे. नंतर त्यांचा खांदा दुखायला लागला तसं दाबायचं कामही माझ्याकडे आलं. कागद सोलला की वहिनी हसताना दिसायच्या आणि खाली तो बाहीचा मरून तुकडा. किती शर्टांवर मी स्वतःच्या हातानं माझा ब्लाउज दाबून बसवला, मोजलं नाही. भाऊ शर्ट घेऊन काचिगुडा स्टेशनबाहेर जात. रिक्षावाल्यांना देत, शहाळीवाल्याला देत, फुटपाथवर झोपणाऱ्यांना देत. "घालून हिंडा फक्त," म्हणत. स्वतःही तोच घालत. छातीवर बायकोचा चेहरा घेऊन भाजी आणायला जाणारा माणूस बघून नवीन लोक हसायचे आणि खालची ओळ वाचली की दुसरीकडे बघायचे.

एक दिवस मी म्हटलं. ओट्याशी उभी होते, इस्त्री हातात होती. "भाऊ, तो ब्लाउज मी..."

"ताई, इस्त्री उचला," ते म्हणाले. "करपायलंय."

करपत नव्हतं. मी इस्त्री उचलली. त्यांनी पुढचा शर्ट पसरला, कोपऱ्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा डावा सुटेल. परत दाबा." तो विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मला काढू दिला नाही. कधी कधी मला वाटायचं की त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. त्यांना मला सोडायचं नव्हतं की दुखवायचं नव्हतं, हे मला आजही कळत नाही.

फोन येत. बहुतेक चुकीचे, काही थट्टेचे. दरवेळी भाऊ चप्पल घालून निघायचे. वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी पोलिसांचा आला, "एक बॉडी मिली है. कपडे पे आपका नंबर है. आके पैचान लेव."

मी त्यांच्याबरोबर गेले. रिक्षात ते सरळ बसले होते. म्हणाले, "ती नसेल. तिच्या अंगावर नंबर नव्हता." मी बाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण थंडीत कुणी आपला शर्ट घातला असेल तिला. दयाळू माणसं असतात."

ती वहिनी नव्हती. पुलाखाली राहणारा एक म्हातारा होता, दाढी वाढलेली, पायात काही नाही. छातीवर वहिनी हसत होत्या. शर्ट मळून काळा झाला होता, पण चेहरा ओळखू येत होता. भाऊंनी वाकून आधी कोपरे बघितले. एकही सुटला नव्हता. मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि हात जोडले.

हवालदार म्हणाला, तीन दिवस वाट बघू, मग बेवारस म्हणून विल्हेवाट लावू. भाऊ म्हणाले, "बेवारस कसा? माझं काम करत होता." तीन दिवसांत कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी भाऊंनी कागदांवर सह्या केल्या. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'ओळखीचा' असं लिहिलं, आणि लिपिकानं ते चालवून घेतलं. अंबरपेटच्या स्मशानात आम्ही चौघंच होतो. भाऊ, चाचा, मी आणि आमचे हे. त्या माणसाचं नाव माहीत नाही, धर्म माहीत नाही. भाऊंनी हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. चाचा त्यांच्या पद्धतीनं ओठ हलवत होते. मी नुसती उभी होते.

अग्नी द्यायच्या आधी भाऊ पुढे झाले आणि तिथल्या माणसाला म्हणाले, "थांबा. हा शर्ट काढा. तिला अजून जाळायचं नाही."

त्यांनी स्वतःचा सदरा उतरवून त्या माणसाला घातला. मळका शर्ट हातात धरून, नुसत्या बनियनवर, ते शेवटपर्यंत उभे राहिले. घरी येऊन त्यांनी तो धुतला आणि गॅलरीत वाळत घातला. त्यानंतर ते फारसे बाहेर गेले नाहीत. शर्ट करणं चालू होतं, पण वाटायला चाचांचा पुतण्या जाई. पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी मी खाली गेले तर दार उघडं होतं, इस्त्री गार होती आणि भाऊ ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसलेले होते. फोन खिशात होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. दोन तास होऊन गेले होते.

मुलगी पुण्याहून आली. सगळं उरकल्यावर, घर आवरताना, तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. "मावशी, तुम्ही होतात म्हणून बाबा एवढे दिवस तगले," म्हणाली. "बाबा सारखं स्वतःला दोष द्यायचे. रेशमावर चिकटलं असतं तर आई त्याच दिवशी घरी आली असती म्हणायचे."

हे मात्र मला गिळता आलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. पिवळा ब्लाउज, नणंद, खुंटी, ठाणं. ती माझ्यापासून दूर झाली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी रोज तुमच्याबरोबर इस्त्री करत बसायचे?"

"हो."

ती वळली आणि आवराआवर करत राहिली. उरलेले शर्ट एका ट्रंकेत भरले, भाऊंचा फोन पर्समध्ये टाकला. जाताना तिनं इमारतीतल्या सगळ्यांचा निरोप घेतला. आमच्या दारावरून ती गेली, मी आत बसून तिची पावलं ऐकली.

दहा महिने गेले. भाऊंच्या घरात आता एक तेलुगू जोडपं राहतं, भलं आहे. भाऊंचं वर्षाचं काही करणार असतील तर विचारावं, असं मनात येई, पण त्यांच्या मुलीला फोन करायचा धीर होत नव्हता. तिचा नंबर माझ्याकडे होता, पण माझा फोन तिनं उचलला नसता. एका दुपारी मी भाऊंचाच नंबर लावला. तो मला न बघता लावता येतो, इतक्यांदा दाबलाय. बंद झाला असेल, असंच वाटलं होतं.

पहिल्याच रिंगला उचलला गेला. भाऊंचा फोन तिनं चालू ठेवला होता, घाईत माझं नाव बघितलंही नसेल.

"हां, बोला," ती म्हणाली. धावत आल्यासारखा आवाज होता. "कुठं दिसली?"

मी माझं नाव सांगितलं. तिच्या श्वासाचा आवाज हळूहळू खाली येताना मला ऐकू येत होता.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "या नंबरवर करू नका. हा मोकळा ठेवायचाय."